घरी अचानक काही झालं आणि विमानाचं तिकीट अडकलं, तर आधी काय करायचं

परभणीत मी रेल्वेची आणि विमानाची तिकिटं काढून देतो. कामाचे प्रश्न रोज वेगळे असतात, पण एक प्रश्न सारखा येतो. घरातलं कोणी अचानक ॲडमिट झालेलं असतं किंवा गेलेलं असतं आणि कोणाचं तरी विमानाचं तिकीट आधीच काढून ठेवलेलं असतं. कोणाला लेकाकडे दुबईला जायचं असतं, ते आता जमणार नसतं. कोणी बेंगळुरूला असतो, परतीचं तिकीट पुढच्या आठवड्याचं असतं, पण निघायला आजच हवं असतं. मग फोन येतो, "भाऊ, तिकीट कॅन्सल होईना. पैसे गेले का?"

अशा वेळी घरातल्या सगळ्यांचं लक्ष दवाखान्याकडे असतं आणि ते तिथेच असायला हवं. तिकिटाची आठवण होते तेव्हा विमान उडून गेलेलं असतं. मी जे बघतो त्यावरून सांगतो, कंपनीच्या कडक नियमांनी जेवढे पैसे जातात, त्याहून जास्त जातात ते विमान सुटण्याआधीच्या काही तासांत कोणीच काही केलं नाही म्हणून. ते काही तास हातात असतील तर बरंच काही वाचतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

एक माणूस तिकिटासाठी बाजूला काढा

पेशंटजवळ बसलेल्याने तिकिटाचं बघायचं नाही. त्याला डॉक्टर बोलावतात, औषधाची चिठ्ठी हातात पडते, रक्ताची सोय करायची असते. चुलतभाऊ, जावई, कॉलेजात शिकणारी भाची, कोणीही चालेल, फक्त तो माणूस दवाखान्याबाहेर हवा आणि त्याच्या फोनला चार्जिंग हवं. त्याला तीन गोष्टी पाठवा: पीएनआर (तिकिटावरचा बुकिंग क्रमांक), प्रवाशाचं तिकिटावर आहे तसं नाव आणि तिकीट ज्याच्या नंबरवरून काढलं त्याचा नंबर.

सगळं अडतं ते या तिसऱ्या गोष्टीपाशी. आपल्याकडे तिकीट सहसा प्रवासी स्वतः काढत नाही. पुण्यातला भाचा काढतो, गावातला मल्टिसर्व्हिसेसवाला काढतो किंवा ऑफिस काढतं. मोबाइल नंबर आणि ई-मेल त्यांचा असतो, त्यामुळे ओटीपीही त्यांनाच जातो. भाचा रात्री दोन वाजता झोपलेला असतो आणि दुकान सकाळी दहाला उघडतं. विमान सहाचं असेल तर झालंच. म्हणून सगळ्यात पहिला फोन विमान कंपनीला नाही, तिकीट काढणाऱ्याला करायचा.

तिकीट एजंटकडून किंवा मेकमायट्रिप, क्लिअरट्रिप, यात्रा अशा ॲपवरून काढलेलं असेल, तर कंपनीचा माणूस बहुतेक वेळा तुम्हाला तिकडेच पाठवतो. ॲपवरून रद्द करताना कंपनीच्या शुल्कावर ॲपचं स्वतःचं शुल्क लागतं आणि काढताना भरलेली कन्व्हिनियन्स फी परत येत नाही. तरीही ॲप किंवा एजंट उत्तर देत नसेल आणि वेळ संपत आली असेल, तर कंपनीच्या वेबसाइटवर पीएनआर आणि आडनाव टाकून बघा. पुष्कळदा तिथे प्रवासातून तुमचं नाव काढता येतं. पैसे एजंटमार्फतच येतील, पण तिकीट नो-शो (रद्द न करता विमानाला गेलाच नाहीत अशी नोंद) होण्यापासून वाचेल. त्या घडीला तेवढं पुरे.

रद्दचं बटण दाबण्याआधी

आधी विमानाची सद्यस्थिती बघा. हे कोणी करत नाही. कंपनीने स्वतःच ते विमान रद्द केलेलं असेल किंवा वेळ मोठ्या फरकाने बदललेली असेल, तर तुम्ही तुमच्या हाताने रद्द करून शुल्क भरण्यात अर्थ नाही. डीजीसीए म्हणजे विमान कंपन्यांवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं, त्याच्या नियमाप्रमाणे कंपनीने विमान रद्द केलं तर प्रवाशाला दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे, यांतलं एक निवडायचा हक्क आहे. सहा तासांहून जास्त उशीर अपेक्षित असेल तरीही हाच पर्याय द्यावा लागतो. धुक्याच्या दिवसांत दिल्लीकडची विमानं अशी हमखास लांबतात. कंपनीचा मेसेज तुमच्या नंबरवर येईलच असं नाही, कारण नंबर भाच्याचा आहे.

तिकीट नुकतंच काढलेलं असेल तर तारीख तपासा. तिकीट काढल्यापासून 48 तासांच्या आत आणि प्रवासाला देशात सात, परदेशाला पंधरा दिवस किंवा जास्त बाकी असताना, थेट कंपनीकडून काढलेलं तिकीट विनाशुल्क रद्द करता येतं किंवा बदलता येतं. बदलताना फक्त भाड्यातला फरक भरायचा. आधी ही मुदत 24 तासांची होती. नोव्हेंबर 2025 मध्ये डीजीसीएने ती 48 तासांची करण्याचा मसुदा काढला आणि 2026 मध्ये तो नियम झाला. आणीबाणीत या सवलतीचा फायदा थोड्यांनाच होतो, पण ज्याला होतो त्याचे सगळे पैसे वाचतात.

मग हिशेब मांडा. तिकिटाची रक्कम एक दिसली तरी आत दोन भाग असतात. एक मूळ भाडं आणि इंधन अधिभार. दुसरा भाग कर आणि विमानतळाच्या शुल्कांचा, म्हणजे जीएसटी, यूडीएफ (विमानतळ वापरण्याचं शुल्क), सुरक्षा शुल्क वगैरे. कंपनी रद्द करण्याचं शुल्क लावू शकते ते फक्त पहिल्या भागातून. ते शुल्क मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त घेता येत नाही. आणि वैधानिक कर व विमानतळ शुल्कं प्रवाशाला परत द्यावीच लागतात, तिकीट "नॉन-रिफंडेबल" असलं तरी, सेलमध्ये काढलेलं असलं तरी आणि माणूस गेलाच नाही तरी. पैसे परत करण्याच्या प्रक्रियेसाठी म्हणून वेगळं शुल्क घ्यायलाही कंपनीला मनाई आहे.

आकडे घेऊन बघू. समजा तिकीट 5,200 रुपयांचं आहे. त्यात 4,300 भाडं आणि 900 कर-शुल्कं. रद्द करायचं शुल्क 4,000. म्हणजे हातात 1,200 येतील. काहीच केलं नाही आणि विमान उडून गेलं तर फक्त 900 येतील, तेही मागितले तरच. आता तेच तिकीट बदलायचं म्हटलं, तर समजा बदलाचं शुल्क 3,000 आणि आजच्या विमानाचा दर 7,500, म्हणजे फरक 2,300. एकूण भरायचे 5,300. तेच विमान नव्या तिकिटाने काढून जुनं रद्द केलं तर 7,500 वजा 1,200, म्हणजे 6,300. इथे बदलणं हजार रुपयांनी स्वस्त. पण दुसऱ्या कंपनीचं तिकीट 5,800 ला मिळत असेल, तर तेच काढा आणि जुनं रद्द करा, 4,600 त भागतं. दोन्ही आकडे स्क्रीनवर आल्याशिवाय बटण दाबू नका. रद्द करण्याच्या शेवटच्या पानावर किती पैसे परत येणार ते दिसतं, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

"क्रेडिट शेल घ्या, पूर्ण रक्कम जमा होईल" असं कंपनी सुचवते. म्हणजे पैसे कंपनीकडेच राहतात आणि पुढच्या तिकिटाला वापरता येतात, ठरलेल्या मुदतीत. ज्यांचं विमानाने जाणं-येणं नेहमीचं आहे त्यांना हे सोयीचं पडतं. ज्यांचा प्रवास वर्षा-दोन वर्षांतून एकदा होतो त्यांनी घेऊ नये, मुदत निघून जाते. पैसे घ्यायचे की शेल, हे प्रवाशाने ठरवायचं असतं. कंपनी परस्पर शेल टाकू शकत नाही.

"कॅन्सल" दाबलं तरी होत नाही

बहुतेक वेळा कारण एकच निघतं: वेब चेक-इन झालेलं असतं. घाटीत, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात, अपघात विभागाबाहेर बसून एक जण बहिणीचं तिकीट रद्द करायला बघत होता. रद्दचं बटण दाबलं की पान पुन्हा पहिल्या जागी येत होतं. त्याला वाटलं नेटवर्क नाही, म्हणून तो जिन्यात जाऊन, बाहेर रस्त्यावर जाऊन तेच करत राहिला. आदल्या दिवशीच बहिणीने चेक-इन करून बोर्डिंग पास काढून ठेवला होता. चेक-इन झालेल्या माणसाला यंत्रणा रद्द करू देत नाही. आधी चेक-इन मागे घ्यावं लागतं. काही कंपन्यांच्या वेबसाइटवर आणि ॲपमध्ये "अनडू चेक-इन" असतं, तिथून ते निघतं आणि मग रद्दचं पान उघडतं. ते नसेल तर फोनवर "ऑफलोड करा" असं सांगायचं. हाच शब्द वापरा, पलीकडच्याला लगेच कळतं.

दुसरं कारण वेळेचं. उड्डाणाच्या काही तास आधी ऑनलाइन रद्द करणं आणि बदलणं बंद होतं. ही वेळ कंपनीगणिक आणि तिकिटाच्या प्रकाराप्रमाणे वेगळी असते, देशातल्या प्रवासाला कमी आणि परदेशच्या प्रवासाला जास्त. तिकिटाबरोबर आलेल्या ई-मेलमध्ये भाड्याच्या अटींखाली ती लिहिलेली असते. ती वेळ गेली असेल तरी विमान सुटेपर्यंत विमानतळावरच्या काउंटरला फोन किंवा समक्ष सांगून बघावं. चिकलठाण्याला (संभाजीनगरच्या विमानतळावर) किंवा नांदेडला विमानं मोजकी असतात, काउंटरवरचा माणूस ऐकून घेतो. अशा छोट्या विमानतळांचा मला हाच फायदा वाटतो. तोटा असा की इथलं एक विमान चुकलं तर त्या बाजूचं पुढचं विमान बहुधा दुसऱ्या दिवशीच.

तिसरं, ग्रुपचं तिकीट. उमरा, चारधाम, सहलीचं पॅकेज, यांत एजंटने सीट ठोक भावात उचललेल्या असतात. कंपनीच्या साइटवर त्यांतलं एक नाव काढता येत नाही. एजंटशीच बोलावं लागतं, आणि व्हॉट्सॲपवर लिहून, तोंडी नाही.

चार जणांचं तिकीट, जाणार एकटाच

नवरा-बायको आणि दोन लेकरं मुंबईहून निघणार, आणि सासरे सिरियस. बाई थांबणार, लेकरं थांबणार, नवऱ्याला मात्र नोकरीवर हजर व्हायचंय. चौघांचा पीएनआर एक आहे. इथे घाईत पूर्ण बुकिंग रद्द केलं जातं आणि नवऱ्यासाठी आजच्या दराने नवं तिकीट काढावं लागतं. तसं करायचं नाही. रद्द करताना प्रवाशांच्या नावापुढचे चौकोन बघा, ज्यांचं रद्द करायचं त्यांच्यावरच खूण करा. ॲप तसं करू देत नसेल तर फोनवर "पीएनआर स्प्लिट करा" म्हणायचं. एका पीएनआरचे दोन होतात, एक रद्द होतो, दुसरा जसाच्या तसा चालू राहतो. लेकरं पाच ते बारा वर्षांची असतील तर त्यांना एकटं दुसऱ्या पीएनआरवर जाऊ देऊ नका, मोठ्या माणसाबरोबरच ठेवायला सांगा.

एकाचं तिकीट दुसऱ्याच्या नावावर होत नाही. लोक रेल्वेचा अनुभव धरून विचारतात. रेल्वेत कन्फर्म तिकीट गाडीच्या 24 तास आधी अर्ज देऊन आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा किंवा बायको यांच्या नावावर करून मिळतं. विमानात ती सोय नाही. स्पेलिंगची दुरुस्ती होते, माणूस बदलत नाही.

जातानाचं विमान सोडलं तर परतीचं जातं

याने फार जण फसतात. जाण्या-येण्याचं तिकीट एकत्र काढलेलं असतं. जायचं विमान चुकतं, माणूस रेल्वेने किंवा गाडीने पोहोचतो आणि म्हणतो, येताना तर विमान आहेच. विमानतळावर गेल्यावर कळतं की नाव यादीत नाही. मोठ्या कंपन्यांच्या बहुतेक तिकिटांत, आणि परदेशच्या तिकिटात तर हमखास, पहिला टप्पा न वापरता सोडला तर पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द होतात. मुंबईहून दुबईमार्गे जर्मनीचं तिकीट असेल आणि मुंबईला चढलाच नाहीत, तर परतीच्या सीटसकट सगळं गेलं. म्हणून पहिल्या टप्प्याला जाणार नसाल तर विमान सुटायच्या आत कंपनीला सांगा की पहिला टप्पा सोडतोय, परतीचा ठेवा. जमेल की नाही आणि किती पैसे लागतील ते तिकिटाच्या प्रकारावर ठरेल, पण विमान सुटल्यावर सांगून काही उपयोग होत नाही.

परतीची तारीख

मातीला पोहोचता येईलच असं लांबच्या माणसाच्या हातात नसतं. त्यासाठी जे मिळेल ते विमान, गाडी, जे लवकर पोहोचवेल ते घ्यावं, तिथे पैशांचा विचार करू नये. चिकलठाण्याचं विमान नसेल तर मुंबईला उतरून रात्रीची देवगिरी सकाळी परभणी-नांदेडला आणते. दुपारी मुंबईत असाल तर नांदेडपर्यंत वाढवलेली वंदे भारत आहे. संभाजीनगर, जालन्याच्या लोकांना समृद्धी महामार्ग आहे. नांदेड, देगलूर, उदगीरच्या लोकांना हैदराबादला उतरून वर येणं कित्येकदा मुंबईपेक्षा जवळ पडतं. लातूर, धाराशिवच्या माणसाने पुण्याचंही विमान बघावं.

परतीचं मात्र शांतपणे ठरवायचं. घरात आल्या आल्या कोणीतरी म्हणतं, तिसऱ्याला सावडलं की निघ. मग मोठे काका म्हणतात, दशक्रियेला पोरगा नाही म्हणजे कसं. मग तेराव्यापर्यंत थांबायचं ठरतं. प्रत्येक वेळी तारीख बदलली की प्रत्येक वेळी शुल्क आणि भाड्यातला फरक. मी सगळ्यांना सांगतो, घरातल्या थोरांना एकत्र बसवून दहावा, तेरावा, गोडजेवण कोणत्या तारखेला आहे ते कागदावर लिहून घ्या आणि मगच परतीच्या तिकिटाला हात लावा. तोवर जुनी तारीख उलटू देऊ नका एवढंच. येतानाचं नवं तिकीट काढत असाल तर एकेरी काढा.

परदेशातून येणाऱ्यांनी निघण्याआधी आणखी दोन कागद बघावेत. अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांच्या आय-20 वर (विद्यापीठाने दिलेल्या प्रवेशाच्या कागदावर) प्रवासासाठीची विद्यापीठाची सही मुदतीत आहे का, आणि पासपोर्टवरचा व्हिसा चालू आहे का. घाईत येतात आणि परत जाताना अडकतात. घाईचं तिकीट दोन-तीन देशांवरून जाणारं असेल तर मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते तिकीट काढण्याआधीच बघा.

दुःखाच्या प्रसंगाची सवलत

कंपनी माणुसकी दाखवते का, तर काही वेळा दाखवते, पण मागितल्यावर. देशातल्या प्रवासात कंपनीला यासाठी बांधणारा पक्का नियम नाही. मी आधी सांगितलेल्या डीजीसीएच्या मसुद्यातही वैद्यकीय आणीबाणीत पैसे किंवा क्रेडिट शेल "देऊ शकते" अशीच भाषा होती. परदेशी कंपन्यांत एअर कॅनडा आणि डेल्टा अशा काहींकडे जवळच्या नातलगाच्या मृत्यूसाठी वेगळं भाडं आहे. ते वेबसाइटवर मिळत नाही, फोन करून मागावं लागतं. परदेशी कंपनीचं तिकीट असेल तर परताव्याचे नियमही तिच्या देशाचे लागू होतात, हे लक्षात असू द्या.

एअर कॅनडाचीच गोष्ट उपयोगी आहे. आजी वारल्यावर एका प्रवाशाने कंपनीच्या चॅटबॉटला विचारलं. चॅटबॉटने सांगितलं, तिकीट काढा आणि 90 दिवसांत सवलतीसाठी अर्ज करा. कंपनीने नंतर नकार दिला, कारण प्रवासानंतर सवलत देत नाही असा तिचा नियम होता. प्रवाशाने चॅटबॉटच्या उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवला होता. फेब्रुवारी 2024 मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणाने कंपनीला भरपाई द्यायला लावली. हा निकाल आपल्याकडे लागू नाही, पण स्क्रीनशॉटची किंमत त्यातून कळते. चॅटवर, ई-मेलवर जे कबूल केलं ते जपून ठेवा. फोनवर बोलणं झालं तर वेळ आणि तक्रार क्रमांक वहीत लिहा.

कागद कोणते लागतात? दवाखान्यात असेल तर ॲडमिशनचा कागद किंवा केसपेपर, त्यावर पेशंटचं नाव, तारीख आणि दवाखान्याचा शिक्का. बीडहून, हिंगोलीहून घाटीला किंवा नांदेडला रेफर केलं असेल तर रेफरची चिठ्ठी सोडू नका, तारीख आणि वेळ त्यावर असते. मृत्यू झाला असेल तर प्रमाणपत्र त्याच दिवशी हातात येत नाही. दवाखान्यातून मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला मिळतो, तो आधी पाठवा आणि "नोंदणीचं प्रमाणपत्र मिळताच देतो" असं लिहा. घरीच मृत्यू झाला असेल तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंद 21 दिवसांच्या आत विनाशुल्क होते. दशक्रियेच्या आधीच एकाने ते काम उरकावं.

नातं सिद्ध करायची अडचण लेकींना येते. वडिलांचं आडनाव एक आणि तिकिटावर सासरचं. तिथे कंपनी अडवते. जुना शाळा सोडल्याचा दाखला, विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा माहेरच्या रेशनकार्डाची प्रत जोडा. या कागदांचे फोटो आजच फोनमध्ये ठेवून दिले तर उत्तम.

तिकिटाबरोबर प्रवास विमा घेतला असेल तर विमा कंपनीला लगेच कळवा, नंतर नाही. बहुतेक पॉलिसींत जवळचं कुटुंब म्हणजे नवरा-बायको, मुलं, आई-वडील, काहींत सासू-सासरे आणि भावंडं. काका, आत्या, आजोबा सहसा बसत नाहीत, आपल्या घरांत त्यांच्याच मांडीवर माणूस वाढलेला असला तरी. ॲपवर मिळणारं "फ्री कॅन्सलेशन" म्हणजे विमा नाही. त्याला कारण लागत नाही, पण ठरलेल्या तासांच्या आतच वापरावं लागतं.

गूगलवरचा नंबर लावू नका

हे मी सगळ्यांना हात जोडून सांगतो. घाबरलेला माणूस गूगलवर कंपनीचं नाव आणि "कस्टमर केअर नंबर" असं टाकतो. वर येणारा नंबर कित्येकदा चोरांचा असतो. पलीकडचा माणूस गोड बोलतो, आजाऱ्याची चौकशी करतो. मग म्हणतो, रिफंडसाठी दहा रुपयांचा फॉर्म भरा, ही लिंक उघडा, स्क्रीन शेअर करा. पुढच्या पाच मिनिटांत दवाखान्यासाठी ठेवलेले पैसे खात्यातून गेलेले असतात. पैसे परत मिळवायला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. ओटीपी सांगावा लागत नाही. स्क्रीन दाखवावी लागत नाही. नंबर घ्यायचा तो तिकिटाच्या ई-मेलमधून किंवा कंपनीच्या अधिकृत ॲपमधून. चुकून पैसे गेलेच तर लगेच 1930 ला फोन करा, बँकेला कळवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिल्या तासात कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

पैसे आले नाहीत

क्रेडिट कार्डाने थेट कंपनीकडे भरले असतील तर रद्द केल्यापासून सात दिवसांत परत यायला हवेत. एजंट किंवा ॲपमार्फत असेल तर जबाबदारी विमान कंपनीचीच आणि मुदत 14 कामकाजाच्या दिवसांची. एजंट "कंपनीने दिले नाहीत" म्हणतो आणि कंपनी "आम्ही एजंटच्या वॉलेटला टाकले" म्हणते. कंपनीकडून परताव्याची तारीख आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक लेखी मागा आणि तो एजंटपुढे ठेवा. बऱ्याच वेळा तिथेच काम होतं.

नो-शो झालेल्या तिकिटाचे कर मागायचे राहून गेले असतील तर आताही अर्ज करून बघा. कंपनीच्या वेबसाइटवर न वापरलेल्या तिकिटाच्या कर परताव्यासाठी फॉर्म असतो किंवा ई-मेल चालतो. चौघांच्या कुटुंबाला ही रक्कम लहान नसते.

कंपनी दाद देत नसेल तर पायऱ्या अशा. प्रत्येक कंपनीच्या वेबसाइटवर नोडल अधिकारी आणि त्यावरचा अपील अधिकारी यांचा पत्ता दिलेला असतो, आधी त्यांना लिहा. मग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर किंवा ॲपवर तक्रार टाका. 2016 पासून ती सोय आहे, आणि माझ्या अनुभवात तिथे तक्रार गेली की कंपनीचा फोन येतो. 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं. तेवढ्यानेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. कंपनीचं कार्यालय मुंबईला असो नाहीतर गुरुग्रामला, परभणीच्या माणसाने परभणीत आणि लातूरच्याने लातुरात अर्ज द्यायचा. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही. मुदत दोन वर्षांची आहे. दुखवट्याचे दिवस आधी सरू द्या, फक्त तोवर तिकीट, रद्द केल्याचा ई-मेल, स्क्रीनशॉट आणि दवाखान्याचे कागद एका पिशवीत घालून ठेवा.